अभिवचनावर भार टाकायला शिकताना : नव्या विश्वासणाऱ्यांसाठी काही पायऱ्या

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्षअखेरची उपासना होते आणि बारा वाजून गेल्यावर एका टोपलीतून किंवा ताटातून प्रत्येकाला वचनाचे एकेक कार्ड उचलायला सांगितले जाते. कार्डावर पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एखादी ओवी छापलेली असते. ती घरी नेऊन कोणी कपाटाच्या दारावर लावतो, कोणी आरशाच्या कोपऱ्यात खोचतो, कोणी मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवतो. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला तो क्षण फार मोलाचा वाटतो आणि तसा तो असतोही. पुढे मात्र शाळेची फी भरायचे दिवस येतात, आईचे गुडघे जास्त दुखू लागतात, कामाच्या ठिकाणी कपातीची कुजबुज सुरू होते, आणि कार्डावरचे शब्द व घरातली परिस्थिती यांचा मेळ कसा घालायचा हे कोणी शिकवलेले नसते. तो मेळ घालण्याचे काम रोजच्या सवयीने शिकता येते, असा माझा अनुभव आहे, आणि ते ज्या क्रमाने मला शिकावे लागले त्याच क्रमाने येथे मांडतो.

माझ्या पहिल्या कार्डावर यिर्मया २९:११ होते, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाची अकरावी ओवी. आपल्याविषयीचे देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि ते पुढच्या काळाची आशा देणारे आहेत, अशा अर्थाची ती ओवी. त्याच वर्षी मी ज्या विभागात काम करत होतो तो विभाग बंद झाला आणि मी सात महिने घरी बसलो. कार्ड मी रागाने फाडले नाही, पण आरशावरून काढून वहीत ठेवून दिले. आमच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी ते कधीतरी पाहिले आणि एवढेच विचारले, “अकरावी ओवी वाचलीस, पण दहावी वाचलीस का?” मी वाचली नव्हती.

पहिली पायरी : वचन त्याच्या घरी जाऊन वाचा

दहाव्या ओवीत सत्तर वर्षे आहेत. तो संपूर्ण अध्याय म्हणजे यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेले एक पत्र आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यहूदाचा राजा, दरबारी, सुतार, लोहार अशा हजारो लोकांना उचलून परदेशात नेले होते, आणि त्या लोकांचा एकच प्रश्न होता, परत कधी जायचे. हनन्या नावाचा संदेष्टा त्यापूर्वीच्या अध्यायात सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना ऐकायला आवडेल असेच ते वचन होते आणि ते खोटे होते. यिर्मयाने लिहिले ते असे : घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांचे फळ खा, लग्ने करा, मुलेबाळे होऊ द्या, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमची भेट घेईन. परतीची परवानगी कोरेश राजाच्या काळात, इ. स. पूर्व ५३८ च्या सुमारास मिळाली. ज्या प्रौढ माणसांनी ते पत्र पहिल्यांदा वाचले त्यांपैकी बहुतेकांची कबर बाबेलातच झाली असणार.

हे कळल्यावर माझ्या कार्डावरची ओवी लहान झाली असे कोणाला वाटेल. माझ्या बाबतीत उलट झाले. नोकरी गेली म्हणजे देवाचे हिताचे संकल्प संपले, असा जो अर्थ मी लावला होता तो त्या ओवीत कधीच नव्हता. ज्यांचे घर, देश आणि मंदिर मागे राहिले होते अशा माणसांना ती लिहिली होती. माझ्या सात महिन्यांना तिच्यात जागा होती.

म्हणून नव्या विश्वासणाऱ्याने लावून घ्यावी अशी पहिली सवय म्हणजे एकटी ओवी कधीही वाचू नये. कार्डावर, कॅलेंडरवर किंवा व्हॉट्सॲपवर वचन मिळाले की त्याच दिवशी पवित्र शास्त्र उघडून तो संपूर्ण अध्याय वाचावा, आणि जमल्यास आधीचा एक व नंतरचा एकही वाचावा. अर्धा तास पुरतो. वाचताना वहीत चार गोष्टी लिहाव्यात : कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, ऐकणाऱ्यांची त्या वेळी काय स्थिती होती, आणि वचनाच्या लगेच आधी व नंतर काय सांगितले आहे.

फिलिप्पै ४:१३ याचे चांगले उदाहरण आहे. जो मला सामर्थ्य देतो त्याच्याद्वारे मला सर्व काही शक्य आहे, हे वाक्य आपण परीक्षेच्या आदल्या रात्री आणि मुलाखतीच्या सकाळी आठवतो. प्रेषित पौलाने ते फिलिप्पैच्या मंडळीला बंदिवासातून लिहिले आणि त्याच्या आधीच्या ओळींत तो सांगतो की तृप्त असणे व भुकेले असणे, विपुलता असणे व गरज असणे, या दोन्ही अवस्थांत राहायला मी शिकलो आहे. “सर्व काही” मध्ये उपासमारही आहे. त्याच अध्यायातली एकोणिसावी ओवी, देव तुमची सर्व गरज पुरवील ही, ज्या मंडळीला लिहिली तिने एपफ्रदीताच्या हाती नुकतीच पौलासाठी मदत पाठवली होती. स्वतःच्या गरजेतून दुसऱ्याला देणाऱ्या लोकांना दिलेला तो धीर आहे.

दुसरी पायरी : हे वचन माझे आहे का, ते प्रामाणिकपणे विचारा

पवित्र शास्त्रातले प्रत्येक वचन प्रत्येकाला दिलेले नाही, आणि हे सांगितल्याने विश्वास कमी होत नाही. अब्राहामाला म्हातारपणी मुलगा होईल हे वचन अब्राहामाला दिले होते. त्यातून देव कसा आहे हे मी शिकतो, पण अपत्यासाठी झुरणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या हातात ते हमीपत्र म्हणून देणे क्रूरपणाचे ठरते. असे दिले गेलेले मी पाहिले आहे, आणि त्या जोडप्याने नंतर उपासनेला येणे का सोडले तेही मला समजते.

नीतिसूत्रांचा प्रकार आणखी वेगळा आहे. मुलाच्या स्थितीला अनुरूप असे शिक्षण त्याला दे म्हणजे तो म्हातारपणीही त्यापासून परावृत्त होणार नाही, हे नीतिसूत्रे २२:६ मधले बोल शहाणपणाचे आहेत. जग बहुधा असे चालते एवढे ते सांगतात. ज्यांची मुले भरकटली त्या आईवडिलांना या ओवीने दोषी ठरवू नये. ईयोबाचे पुस्तक याच शास्त्रात आहे आणि नीतिमान माणसाचे सर्व काही सुरळीत चालते या हिशेबाला ते बेचाळीस अध्याय उत्तर देते.

मग आपले काय? जे कोणी ख्रिस्तामध्ये आहेत त्या सर्वांना दिलेली वचने थोडी नाहीत, आणि नव्या माणसाने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे (मत्तय २८:२०). आपण आपली पापे कबूल केली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून क्षमा करील (१ योहान १:९). कोणाला ज्ञान उणे असेल तर त्याने मागावे, देव दोष न लावता देतो (याकोब १:५). देवाच्या प्रीतीपासून कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला वेगळे करू शकणार नाही (रोमकरांस ८:३८–३९). मी तुला टाकणार नाही व सोडणार नाही (इब्री १३:५). या वचनांच्या अटीही वाचाव्यात. क्षमेच्या वचनाला कबुलीची अट आहे. इब्री लोकांस पत्रातले वचन द्रव्यलोभाविषयीच्या वाक्याला जोडून आले आहे, म्हणजे मी तुझ्याबरोबर आहे हे पैसा नसल्याच्या भीतीला दिलेले उत्तर आहे.

आणि जी वचने इस्राएलाला किंवा एखाद्या एकट्या माणसाला दिली होती, ती आपल्यापर्यंत पोहोचतात ती ख्रिस्तामधून. देवाची वचने कितीही असोत, त्याच्यामध्ये “होय” हे आहे, असे पौल २ करिंथकरांस १:२० मध्ये लिहितो. म्हणून कोणत्याही जुन्या वचनाला विचारावयाचा प्रश्न असा की प्रभू येशूच्या जन्मात, मरणात व पुनरुत्थानात याचे काय झाले, आणि त्याचा वाटेकरी म्हणून माझ्याकडे काय येते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वचन तोंडपाठ असणे आणि वचनावर विश्वास असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान स्तोत्र ९१ मधले वचन तोंडपाठ म्हणून दाखवतो : देवदूत तुला हातांवर झेलतील, तेव्हा मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक. प्रभू येशू “अनुवाद” या पुस्तकातल्या ओवीने उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नको. स्तोत्र ९१ खरे होते; त्याचा आधार घेऊन देवाला भाग पाडण्याचा बेत खोटा होता. कोणी व्यासपीठावरून सांगत असेल की इतकी रक्कम “बी” म्हणून पेरा आणि वचनाप्रमाणे शंभरपट मागून घ्या, तर त्या शिकवणीचे मूळ याच शिरोभागावर आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन. नव्या विश्वासणाऱ्याने असल्या ठिकाणी आपले मंगळसूत्र, आपला पगार किंवा कर्जाने काढलेला पैसा ठेवू नये.

तिसरी पायरी : वचनाला आजचे काम विचारा

जुन्या कराराच्या इब्री भाषेत “अभिवचन” असा वेगळा ठरलेला शब्द नाही. देव “बोलला”, त्याचे “वचन” झाले, असेच शब्द येतात, कारण तो बोलला म्हणजे शब्द दिला. आपणही मराठीत “मी शब्द दिला आहे” म्हणतो आणि शब्दाला जागणाऱ्या माणसाचा मान राखतो. “आमेन” हा प्रार्थनेच्या शेवटचा शब्द आणि उत्पत्ती १५:६ मध्ये अब्रामाने (पुढे त्याचेच नाव अब्राहाम झाले) “विश्वास ठेवला” हे क्रियापद, दोन्ही इब्रीत एकाच धातूपासून आले आहेत, आणि त्या धातूत खंबीर, टिकाऊ असा अर्थ आहे. “आपला भार परमेश्वरावर टाक” असे स्तोत्र ५५ म्हणते. भार टाकायचा म्हणजे पाय उचलावा लागतो, आणि या पायरीवर नेमके तेच करायचे असते.

सकाळी वचन वाचून झाल्यावर वहीत एकच वाक्य लिहावे : हे खरे असेल तर आज मी काय करीन? उत्तर लहान आणि करता येण्याजोगे असावे. माझ्या बेकारीच्या काळात यिर्मयाच्या पत्राचा मला मिळालेला अर्थ “घरे बांधा, बागा लावा” एवढाच होता. परत बोलावणे येईपर्यंत सामान बांधून बसायचे नाही. मी सकाळी ठरलेल्या वेळी उठू लागलो, आठवड्याला पाच ठिकाणी अर्ज करू लागलो, आणि ज्या शहरावर माझा राग होता त्याच्यासाठी प्रार्थना करू लागलो. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण गेली.

वचनाचे माप बहुधा एका दिवसाचे असते. रानात इस्राएल लोकांना मान्ना हे देवाने दिलेले अन्न मिळाले ते दर माणशी एक ओमर या मापाने, रोजच्या रोज. दुसऱ्या दिवसासाठी साठवले तर त्यात किडे पडत, फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचे होते, कारण सातवा विसाव्याचा. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण आजची रोजची भाकर मागतो. पाच वर्षांनंतरच्या हप्त्यांचा भार उचलण्याइतके बळ आज सकाळी जाणवले नाही तर घाबरू नये, कारण ते आज दिले जाणारच नव्हते. याचा अर्थ हिशेब ठेवू नये असा कोणी घेऊ नये. महिन्याचा जमाखर्च लिहा, विमा असेल तर त्याचा हप्ता भरा, कर्ज असेल तर बँकेत जाऊन बोला. यांतले काहीही अविश्वासाचे नाही.

औषधांविषयी हेच अधिक आग्रहाने सांगतो. पौलाबरोबर प्रवास करणाऱ्या लूकाला शास्त्र “प्रिय वैद्य” म्हणते, आणि तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीसाठी पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्याने असंख्य आजाऱ्यांवर हात ठेवले त्या प्रेषिताने आपल्या लाडक्या शिष्याला घरगुती उपाय सांगितला. आरोग्याच्या वचनावर विश्वास आहे म्हणून इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी किंवा मानसोपचाराचे औषध बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, मग तो कितीही आदरणीय असो, तो ऐकू नये. प्रार्थना करून गोळी घ्यावी.

विश्वास आणि काम हातात हात घालून कसे चालतात हे पाहायचे तर आपल्याला दूर जायला नको. पंडिता रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचवलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांच्यासाठी प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, शिवण आणि छापखाना होता. देव पुरवील यावर त्यांनी सारे आयुष्य लावले आणि देव पुरवील म्हणून विहिरीही खणल्या. साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यासाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली; रमाबाईंनी भाषांतराचे काम हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुलीच्या मरणानंतरचे ते महिने मला फार वेळा आठवतात. त्या महिन्यांत रोज सकाळी पाने पुढ्यात घेणे हेच त्यांचे आमेन असणार.

चौथी पायरी : वचन देवापुढे बोलून दाखवा, तक्रारीसह

नवे विश्वासणारे प्रार्थनेत फार जपून बोलतात. शंका बोलून दाखवली तर देव रागावेल असे त्यांना वाटते. स्तोत्रसंहिता वाचली की ही भीती जाते. “हे परमेश्वरा, कोठवर?” हा प्रश्न स्तोत्र १३ मध्ये चार वेळा येतो. स्तोत्र ७७ तर उघड विचारते की देवाचे वचन कायमचे संपले आहे काय. स्तोत्र ८८ चा शेवट अंधारात होतो, आणि तेही उपासनेत गाण्यासाठी दिलेले आहे. ज्याने शब्द दिला त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून देणे हा अपमान नसतो. मोशे, दावीद, दानीएल सगळ्यांनी ते केले आहे.

करण्याची रीत साधी आहे. दार लावून, आवाज ऐकू येईल असे बोला. प्रथम वचन जसेच्या तसे वाचा. मग जे घडत आहे ते सांगा, सजवून नव्हे : “प्रभू, तू सोडणार नाहीस असे म्हणतोस, पण गेले तीन आठवडे मला तू जवळ वाटत नाहीस.” मग जे हवे ते नावानिशी मागा. शेवटी, विश्वास कमी पडत असेल तर मार्क ९:२४ मधल्या आजारी मुलाच्या बापाचे शब्द उसने घ्या : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. प्रभू येशूने त्या बापाला परत पाठवले नाही. त्याचा मुलगा त्याच दिवशी बरा झाला.

ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांनी गावे. “उपासना संगीत” मधली गीते, त्यांत नारायण वामन टिळकांची अनेक, आपल्या घरातल्या अभंग-भजनांच्या वळणाची असल्याने पाठ व्हायला वेळ लागत नाही. आणि काही दिवशी प्रार्थना सुचत नाही याचे कारण विश्वासाचा अभाव नसून झोपेचा अभाव असतो. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला दोनदा भाकर-पाणी दिले, झोपू दिले, आणि मगच देव त्याच्याशी बोलला.

पाचवी पायरी : वचन आपल्या हाताने पूर्ण करायला जाऊ नका

अब्राम हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मधल्या काळात, ८६ व्या वर्षी, त्याला हागार या दासीपासून इश्माएल झाला. ती साराची योजना होती, त्या काळच्या रिवाजात बसणारी होती, आणि तिच्यामुळे एका परक्या बाईला गरोदरपणी रानात पळावे लागले. देवाने हागारेला रानात गाठले, तिचे ऐकले; हा त्या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग आहे. पण तिच्यावर ती वेळ आली ती वचन लवकर उरकण्याच्या घाईमुळे.

दावीदाच्या बाबतीत मोह आणखी मोठा होता. राजपद त्याला देवाने कबूल केले होते, आणि एन-गेदीच्या गुहेत शौल राजा त्याच्या तलवारीच्या टप्प्यात एकटा आला. सोबतचे लोक म्हणाले, देवाने सांगितलेला दिवस हाच. दावीदाने झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. वचन खरे आहे म्हणून मिळेल तो मार्ग योग्य, हे त्याने मानले नाही.

आपल्या जगण्यात हे प्रसंग अगदी साधे दिसतात. देवाने घर द्यायचे कबूल केले आहे असे मानून कर्जाच्या अर्जात उत्पन्न वाढवून लिहिणे. लग्न लांबले म्हणून मनाला न पटणाऱ्या स्थळाला होकार देणे. नोकरीसाठी कोणाला तरी पाकीट देणे आणि मग उपासनेत उभे राहून साक्ष सांगणे. अशा वळणावर तीन प्रश्न विचारावेत : हे करताना मला खोटे बोलावे लागते का, यात दुसऱ्या कोणाची हागार होते का, आणि हे मी पाळकांना किंवा एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याला मोकळेपणाने सांगू शकेन का. एकाही उत्तराने मन खाल्ले तर थांबावे. थांबण्याची मुदत ठरवता येत नाही, आणि हे या पायरीवरचे खरे दुःख आहे.

सहावी पायरी : मागितले ते मिळाले नाही, तेव्हा

माझ्या वडिलांच्या आजारपणात आमच्या घराने आणि मंडळीने दोन वर्षे प्रार्थना केली. ते गेले. प्रेतयात्रेहून परतल्यावर एका भल्या माणसाने मला सांगितले की कोठेतरी विश्वास कमी पडला असावा. तो मला दुखवायला आला नव्हता, तरी ते वाक्य मी कित्येक महिने वाहत होतो, आणि म्हणून येथे ठामपणे लिहितो की शास्त्र असे म्हणत नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ वाचा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. त्याच अध्यायात पेत्राला देवदूताने तुरुंगातून बाहेर काढले. याकोबाचा विश्वास कमी होता असे हे पुस्तक लिहिणारा लूक सूचितही करत नाही. शरीरातला काटा, म्हणजे आपली एक सततची पीडा, निघून जावा म्हणून पौलाने तीन वेळा विनंती केली आणि काटा राहिला. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढे उत्तर आले. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची नावे सांगून म्हणतो की त्यांना वचनाप्रमाणे फलप्राप्ती झाली नाही. त्यांनी ती दुरून पाहिली व तिला वंदन केले. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात तिघे तरुण भट्टीपुढे उभे राहून म्हणतात की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरीही आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही.

अशा वेळी नव्या विश्वासणाऱ्याने काय करावे? शोक करावा. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ प्रभू येशू रडला, आणि तो थोड्याच वेळात त्याला उठवणार होता. ज्या गोष्टीचे वचन देवाने दिले नव्हते आणि जिची आपल्याला आशा होती, ती गोष्ट वहीत वेगळी लिहावी. ज्याचे वचन दिले होते ते तिच्याशेजारी लिहावे. वडील बरे होतील असे वचन मला मिळाले नव्हते, मी ते धरून बसलो होतो. मृत्यूच्या छायेच्या दरीतही तू माझ्याबरोबर आहेस, हे मिळाले होते; आणि रुग्णालयाच्या त्या शेवटच्या रात्री वडिलांनी स्तोत्र २३ माझ्याबरोबर अर्धे म्हटले. पुनरुत्थानाचे वचन अजून पुढे आहे. ते पूर्ण झाल्याखेरीज बाकीच्या कोणत्याही वचनाचा हिशेब पुरा होत नाही, असे आता मला वाटते.

कोणी दुसरा या दरीत असेल तर त्याच्याजवळ बसा, डबा पोहोचवा, आणि देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ही ओवी (रोमकरांस ८:२८) पहिल्या आठवड्यात म्हणून दाखवू नका.

सातवी पायरी : आठवणीसाठी धोंडे उभे करा

यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएलाचा पुढारी यहोशवा याने पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगाल येथे उभे करवले, यासाठी की पुढे मुलांनी विचारले, हे कशाचे, तर सांगता यावे. आपली आठवण फार आखूड असते. माझी आई आपल्या शास्त्राच्या समासात पेन्सिलीने तारखा लिहीत असे. पुष्कळ ओव्यांसमोर दोन तारखा आहेत, धरल्याची आणि कळल्याची, आणि काहींसमोर एकच.

तुम्हीही एक साधी दोनशे पानी वही करा. डाव्या पानावर वचन, संदर्भ, तारीख आणि त्या दिवशीची परिस्थिती लिहा. उजवे पान मोकळे ठेवा. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी केले तर उत्तम, वही मागे चाळा आणि उजव्या पानावर जे खरोखर घडले तेच लिहा. उत्तर मिळाले नसेल तर “अजून नाही” असे लिहायला संकोच करू नका. आठवड्याला एकापेक्षा जास्त वचन घेऊ नका. पहिल्या सहा आठवड्यांसाठी मत्तय ६:२५–३४, स्तोत्र २३, यिर्मया २९:१–१४, रोमकरांस ८:१८–३९, स्तोत्र १३ आणि २ करिंथकरांस १२:७–१० हा क्रम मी सुचवीन. तक्रारीचे स्तोत्र त्यात मुद्दाम ठेवले आहे.

ही वही एकट्याने चालत नाही. घरात कौटुंबिक उपासना होत असेल तर तेथे, नसेल तर मंडळीतल्या एका विश्वासू व्यक्तीला, त्या आठवड्याचे वचन सांगा आणि महिन्याभराने तिने तुम्हांला त्याबद्दल विचारावे असे ठरवून घ्या. ज्या बाईंनी मला दहावी ओवी विचारली त्या दर पहिल्या रविवारी, चर्चच्या पायरीवर चपला घालता घालता, एवढेच विचारत, “उजव्या पानावर काय?”